नॅट किंग कोल : पियानो सोडून उभा राहिलेला माणूस

कोलबद्दल जॅझवाल्यांची एक जुनी तक्रार आहे. एवढा तयारीचा पियानोवादक, आणि गोड गाण्यांच्या नादी लागला! ख्याल सोडून भावगीताकडे वळलेल्या गायकाबद्दल आपल्याकडे बोलतात ना, अगदी तसंच. मला ही तक्रार अर्धीच पटते.

त्याचं त्रिकूट आठवा. पियानो, गिटार, बास, ड्रम नाहीत. ठेका धरायला कुणी वेगळा नसला की प्रत्येकाला लय आतून सांभाळावी लागते. ही सवय पुढे त्याच्या गाण्यात उतरली. शब्द तो किंचित मागे ठेवतो, पण लय कधी हलत नाही. मागे व्हायोलिनांचा कितीही मोठा ताफा असो, गातो तो पियानोवाल्यासारखाच.

मग ५ नोव्हेंबर १९५६ ला एनबीसीवर त्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला. आधी पंधरा मिनिटांचा, पुढच्या उन्हाळ्यात अर्ध्या तासाचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमला, गोऱ्या श्रोत्यांपुढे गाताना, काही गोऱ्यांनी मंचावर चढून त्याला खाली पाडलं होतं. वर कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी त्यालाच विचारलं, की अशा वेगळ्या बसवलेल्या श्रोत्यांपुढे तू गातोसच कशाला? प्रश्न रास्त होता. तो लढणाऱ्यातला नव्हता. आपण नीट वागलो, नीट गायलो, की दारं उघडतील असं त्याला वाटत असावं.

कार्यक्रमाचे जे भाग उरलेत ते पाहिले की हेच दिसतं. सूट नीटनेटका, हसू मोजून मापून. खरं सांगायचं तर यजमान म्हणून तो मला अवघडलेला वाटतो. पाहुण्यांशी थट्टा करताना तर फारच. पियानोवर बसला की मात्र खांदे सैल पडतात, चेहराच बदलतो.

पाहुणे कोण? एला फिट्झजेराल्ड, बेलाफोंटे, पेगी ली. मित्राचा कार्यक्रम टिकावा म्हणून किमान मानधनावर आलेली ही मंडळी. तरीही देशभरासाठी एकही प्रायोजक मिळाला नाही. गोऱ्या गिऱ्हाइकाला, विशेषतः दक्षिणेतल्या, दुखवायची कंपन्यांची तयारी नव्हती. वर्षभर खर्च बहुतेक एनबीसीनेच सोसला. शेवटी डिसेंबर १९५७ मध्ये कोलनेच तो बंद केला.

म्हणून 'त्याने तडजोड केली' हे वाक्य मला अपुरं वाटतं. रेकॉर्डच्या दुकानात त्या गोडव्याची किंमत त्याला पुरेपूर मिळाली. टीव्हीवर तोच आवाज, तोच चेहरा, आणि घ्यायला कुणी पुढे येईना. लोक घरोघरी ऐकत होते त्याला, हे विसरू नका.

कार्यक्रम सुरू होण्याच्या जेमतेम दोन-तीन महिने आधी त्याने एक तबकडी ध्वनिमुद्रित केली होती, 'आफ्टर मिडनाइट'. व्हायोलिनांचा ताफा नाही. तो पियानोवर आणि सोबत मोजके जॅझवाले. त्यातलं 'स्वीट लोरेन' आता लावतो. हॅरी एडिसनचा ट्रम्पेट तुमचं लक्ष वेधून घेईल, साहजिक आहे. पण कान कोलच्या डाव्या हाताकडे ठेवा.