ज्वारीचे पंधरा गुण

पेटची तयारी करणारी पोरं-पोरी मला हमखास एक प्रश्न विचारतात. "ताई, इंग्रजी कच्चं आहे. अवघड शब्दांची यादी पाठ केली तर संशोधनाला उपयोग होईल का?" यादी म्हणजे 'दुर्मिळ इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ' छापाची. मीही एकेकाळी ती पाठ केली आणि तिच्यामुळे एकदा चांगलीच तोंडघशी पडले. म्हणून आज त्या याद्यांकडेच जरा चिकित्सेने बघू.

अशा याद्यांचा खरा गिऱ्हाईक म्हणजे स्क्रॅबल खेळणारा. 100 सोंगट्या, त्यातल्या 98 वर अक्षरं, दोन कोऱ्या. अक्षर जितकं कमी वापरातलं तितके त्याचे गुण जास्त. आंतरराष्ट्रीय सामन्यांत कुठला शब्द चालतो हे कॉलिन्सची यादी ठरवते. तिच्या 2019 च्या आवृत्तीत 2,79,496 शब्द होते. हॉस्टेलमधल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर ती पहिल्यांदा उघडली तेव्हा मी हसायलाच लागले. जोवार, बाजरा, रबी, खरीफ, नल्लाह, तालुका, रायत, रेगुर. म्हणजे आमच्या अंबड तालुक्यातल्या बांधावरचं अर्धं बोलणं तिथं 'असाधारण इंग्रजी' म्हणून बसलेलं! जे चे 8 आणि डब्ल्यूचे 4 धरून ज्वारीला 15 गुण, बाजरीला 14. बाजारात भाव मिळत नाही, इथं तरी मिळतो.

आता दोष कुठं आहे ते बघा. खेळाच्या यादीला अर्थाची गरजच नसते. नायजेल रिचर्ड्स या न्यूझीलंडच्या खेळाडूनं 2015 मध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं, आणि त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यानं शब्द पाठ केले होते, फक्त अक्षरांचे क्रम म्हणून. यात त्याची काही चूक नाही, उलट कमालच आहे. खेळाचा नियमच तसा आहे. पण मग ज्यांना अर्थही हवा त्यांच्यासाठी पुस्तिका निघतात आणि त्यात प्रत्येक शब्दापुढे एक ओळ येते. माझं भांडण त्या एका ओळीशी आहे. ती ओळ खेळाडूला पुरते. आपल्याला पुरत नाही, पण पुरल्यासारखी वाटते.

माझाच किस्सा सांगते. अशाच एका पुस्तिकेत 'दुर्रा' म्हणजे ज्वारी, असं वाचलं होतं. शब्द आवडला, भारदस्त वाटला. संशोधन आराखड्यात मी जिथं जिथं ज्वारी आली तिथं 'दुर्रा' टाकत गेले. सादरीकरणाच्या दिवशी समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "मॅडम, तुमचे सगळे नमुने दुर्राच आहेत हे कशावरून ठरवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गोष्ट अशी आहे. हार्लन आणि डी वेट यांनी 1972 मध्ये लागवडीखालच्या ज्वारीचे पाच मुख्य गट केले: बायकलर, गिनी, कॉडेटम, काफिर आणि दुर्रा. म्हणजे दुर्रा हे ज्वारीचं दुसरं नाव नाही, ज्वारीतला एक गट आहे. घट्ट भरलेलं कणीस आणि बऱ्याचदा बदकाच्या मानेसारखा वाकलेला दांडा, ही त्याची ओळख. आपल्याकडची रब्बीची मालदांडी या गटात बसते. पण माझे निम्मे नमुने खरिपाच्या संकरित वाणांचे होते. आपल्याकडचा पहिला संकरित वाण सीएसएच-1 हा 1964 चा, आणि त्याची मादीच 'कम्बाइन काफिर 60' होती. तेव्हापासून खरिपाच्या ज्वारीत बाहेरचं रक्त मिसळत आलंय. तिला सरसकट दुर्रा म्हणणं म्हणजे गावातल्या सगळ्यांना एकच आडनाव लावण्यासारखं. आराखडा परत आला, सहा महिने गेले. फेलोशिपचे महिने कसे मोजतो ते तुम्हाला माहीतच आहे.

'रेगुर'चंही तेच. एका ओळीतला अर्थ: काळी माती. मृदाशास्त्रात मात्र व्हर्टिसॉल ठरवताना रंग हा निकष नाही. चिकणमातीचं प्रमाण किमान 30 टक्के, उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा, आत एकमेकांवर घासून गुळगुळीत झालेले मातीचे पृष्ठभाग हे बघतात. माळावरची वीतभर काळी माती काळी असूनही त्यात बसत नाही.

मग शब्द वाचायचा कसा? यासाठी मी तुम्हाला एक जुनं पुस्तक चाळायला सांगेन. यूल आणि बर्नेल यांचा 1886 चा 'हॉब्सन-जॉब्सन'. त्याचा दृष्टिकोन पक्का साहेबी आहे आणि नावापासूनच ते दिसतं: मोहरममधला 'या हसन, या हुसेन' हा आक्रोश गोऱ्या शिपायांच्या कानांनी असा ऐकला. पण पद्धत शिकण्यासारखी आहे. शब्द कुणी, कोणत्या साली, कोणत्या वाक्यात वापरला ते तो उताऱ्यांसकट दाखवतो. मुंगसावरून इंग्रजीत 'मंगूज' कसा गेला, तेही त्यात सापडेल.

खेळाच्या यादीचा एक उपकार मात्र मान्य करायला हवा. ती एकाच शब्दाची वेगवेगळी स्पेलिंगं जपून ठेवते. रेगुरही चालतो, रेगारही; जोवारही, जोवारीही. जुनी गॅझेटियर्स किंवा शेती खात्याचे अहवाल शोधताना याचा खूप फायदा होतो. एकाच स्पेलिंगवर अडून बसलात तर निम्मं साहित्य हाती लागत नाही. मद्रास इलाख्याच्या कागदांत तर ज्वारी 'चोलम' म्हणून लपलेली असते.

सरांच्या त्या प्रश्नानंतर मी घरी आले आणि आजीला विचारलं, ज्वारी आणि शाळू एकच का? ती म्हणाली, "येडी का काय तू? शाळू रब्बीचा. भाकर त्याची गोड, कडबा त्याचा." हा शाळू शब्द पुढे मला अमेरिकी शब्दकोशात भेटला, 'शालू' म्हणून, मूळ मराठी अशी नोंद असलेला. आनंद झाला, पण या वेळी एका ओळीवर थांबले नाही. तिकडे हे नाव ज्या ज्वारीला चिकटलं ती रॉक्सबर्गी, म्हणजे गिनी गटातली, मोकळ्या विस्कटलेल्या कणसाची. तिला तिकडे 'इजिप्शियन गहू' असंही म्हणतात. आजीचा शाळू घट्ट कणसाचा, दुर्रा गटातला. नाव एकच, पण झाडं दोन. नव्या आराखड्यात मी प्रत्येक नमुन्यापुढे गाव, हंगाम, वाण आणि कणसाचा फोटो जोडलाय.