वीणेकरी आणि वीणा

एखाद्या समुदायाचे घटक एकेक करून निघून गेले आणि त्यांच्या जागी दुसरे येऊन बसले, तर तो समुदाय पूर्वीचाच राहिला असे म्हणावे काय? तार्किकांनी हा प्रश्न पुष्कळ घोळवला आहे. आम्हां वकिलांस मात्र तो रोजच्या व्यवहारात भेटतो, आणि देवस्थानांच्या बाबतीत तर त्याचे उत्तरही ठरलेले आहे. महाजन जातात, पुजारी जातात, प्रसंगी मंदिराची जागाही बदलते. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली नदी ओलांडून प्रियोळास आला. परंतु हा मंगेश निराळा, असे कोणाही भक्ताच्या मनात कधी आले नाही. कलकत्त्याच्या मल्लिक घराण्यातील कुलदेवतेच्या प्रसिद्ध खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली हाच लोकानुभव कायद्याच्या भाषेत मांडला. देवता ही वाटून घेण्याजोगी जंगम वस्तू नसून कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, आणि तिची सेवा करणारे बदलले तरी ती व्यक्ती तीच राहते, असा त्या निर्णयाचा आशय.

हाच प्रश्न एका रॉक बँडच्या निमित्ताने आम्हांस पुन्हा पडला. देवळाच्या परिसरात वाढलेल्या वाचकांस हा विषय अंमळ चमत्कारिक वाटण्याचा संभव आहे. तथापि ज्या बँडविषयी आम्ही लिहीत आहोत त्याची उत्तम गाणी ऐकली असता, हा विषय आपल्या अंगणापासून फारसा दूर नाही हे त्यांसही पटेल अशी आमची खात्री आहे.

'इंडियन ओशन' हा बँड १९९० साली दिल्लीत सुरू झाला. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवीत गाणारे असीम चक्रवर्ती हे त्याचे मूळ पुरुष. पुढे बेस गिटार वाजविणारे व गाणारे राहुल राम आणि ड्रम्सवादक अमित किलम हे येऊन मिळाले. १९९७ च्या १ जानेवारीस दिल्लीत सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातील त्यांच्या गायनवादनाचे ध्वनिमुद्रण 'डेझर्ट रेन' या नावाने निघाले. २००० साली 'कंदिसा' निघाली आणि त्यांचे नाव देशभर झाले. पाश्चात्त्य वाद्ये आणि भारतीय चाल यांची सांगड घालणारे पुष्कळ झाले. परंतु बहुतेकांच्या हातून एकतर गाण्यावर वाद्यांचे लेणे चढते, किंवा वाद्यांवर गाण्याचे. या चौघांच्या संगीतात असा जोड दिसत नसे. असीम चक्रवर्ती बैठक मारून तबल्यावर थाप देत आणि त्याच श्वासात गात. त्यामुळे शब्द आणि आघात एकाच देहातून बाहेर पडत. सुस्मित सेन यांची गिटार सतारीच्या अंगाने झाला घेत जाई. ऐकणाऱ्यास हे संगीत परदेशातून आणून इथे रुजविले आहे असे न वाटता, इथल्याच मातीला नवे पाणी मिळाले आहे असे वाटे.

नार्नूरसारख्या गावी ही गाणी कॅसेटवाटेच पोहोचली. नार्नूर हे आदिलाबाद जिल्ह्यातील मंडलाचे ठिकाण. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत या जिल्ह्याचे राजुरा आणि किनवट हे भाग तत्कालीन मुंबई राज्याकडे गेले. आमचा भाग आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. इथल्या बाजारात एकाच दुकानापुढे मराठी, गोंडी, बंजारा आणि तेलुगू अशा चार भाषा कानी पडतात. पौष पौर्णिमेला खामदेवाची जत्रा भरते तेव्हा गोंडी गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकास गोंडी येते असे नाही. शब्द न कळता गाणे ऐकणे, आणि तरी ते आपले मानणे, ही सवय इथल्या माणसाला लहानपणीच लागते. म्हणूनच कायद्याचा अभ्यास करीत असता वसतिगृहाच्या खोलीत आम्ही प्रथम 'कंदिसा' ऐकले, तेव्हा केरळातील सिरियन ख्रिस्ती परंपरेचे ते प्राचीन अरमाईक स्तोत्र आम्हांस परके वाटले नाही. देव पवित्र आहे, एवढाच त्याचा अर्थ आम्हांस पुढे कळला. तो कळण्यापूर्वीही, हे कोणीतरी हात जोडून म्हणत आहे हे कळत होते.

२००९ च्या २५ डिसेंबरला असीम चक्रवर्ती निवर्तले. २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडले. कॅसेटवरील चौघांपैकी दोघेच उरले. असीम यांचे काम आता दोघांत वाटले गेले आहे: हिमांशु जोशी गातात आणि तुहीन चक्रवर्ती तबला वाजवितात, गिटार निखिल राव यांच्या हाती आहे. कॅसेटवरील आवाजावर ज्याची प्रीती जडली, त्याने या नव्या मंडळींसमोर जाऊन बसावे की नाही, हा आमच्यापुढे बरीच वर्षे प्रश्न होता. मृताचा आवाज घरी हवा तेव्हा ऐकता येतो. मग त्याच्या रिकाम्या जागेकडे पाहण्यासाठी उटनूरमार्गे रात्रभराचा प्रवास करून हैदराबाद का गाठावे? अखेर आम्ही गेलो. उघडे मैदान होते, आणि श्रोत्यांत निम्मे असे की 'कंदिसा' निघाली तेव्हा ते पाळण्यात तरी असतील किंवा जन्मलेही नसतील.

आता प्रयोगाविषयी. सुरुवातीच्या दोनतीन गाण्यांत आमचा कान तुलनाच करीत होता. कॅसेटवर जेथे तबल्याचा बोल आणि शब्द एकमेकांत मुरलेले असत, तेथे आता दोघांचा संवाद ऐकू येतो. गायक शब्द टाकतो, तबलजी तो उचलतो. कधी तबलजी आधी जातो आणि गायक मागून येतो. यात एक गोष्ट निश्चित हरवली आहे. एकाच माणसाच्या छातीतून आणि बोटांतून येणारी ती अभेद्य एकतानता आता मिळत नाही, मिळणारही नाही. परंतु दुसरी एक गोष्ट लाभली आहे. गायकाचे हात मोकळे झाल्यामुळे त्याचा आलाप अधिक लांब जातो, आणि तबल्याला गाण्याची वाट पाहावी लागत नाही. निखिल राव यांनी सुस्मित सेन यांच्या बोटांची नक्कल करण्याचे टाळले आहे, ही आम्हांस या संपूर्ण प्रयोगातील सर्वांत अभिजात गोष्ट वाटली. त्यांची गिटार विजेची, तिचा स्वर अधिक ताणलेला, आणि त्या स्वराने जुन्या गाण्यांच्या मोकळ्या जागा निराळ्या तऱ्हेने भरल्या जातात. जेथे नक्कल होते तेथे मूळ माणूस दुसऱ्यांदा मरतो. येथे तसे घडले नाही.

'मा रेवा' सुरू झाले तेव्हा मात्र तुलना थांबली. नर्मदाकाठची ही पारंपरिक चाल राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात असताना त्या खोऱ्यातून घेऊन आले. हे गाणे नदीची स्तुती करते, आणि ते गाणारा माणूस त्या नदीवरील धरणाच्या विरोधात उभ्या असलेल्या गावांतून फिरलेला आहे. महाराष्ट्रातील मणिबेली हे गाव त्याच पाण्याखाली गेले. तेथील पुरातन शूलपाणेश्वराचे मंदिरही गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात जलाशयात बुडाले आणि देवाची नवी स्थापना गोरा येथे करण्यात आली. गोमंतकीय वाचकांस येथे साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव आठवेल. मोगूबाई कुर्डीकरांच्या त्या गावातील महादेवाचे प्राचीन मंदिर उचलून धरणापाशी पुन्हा उभारावे लागले. मैदानावरील तरुण मंडळी टाळ्या वाजवीत नदीचे नाव घेत होती. त्यांतील कितीजणांस या पाण्याखाली काय आहे याची जाणीव होती, हे सांगता येणार नाही. परंतु राहुल राम गाण्याआधी दोन वाक्यांत विनोद करून श्रोत्यांस हसवितात आणि मग एकाएकी खालच्या षड्जावर येतात, त्या उतरणीत ज्याला ऐकायचे त्याला बरेच ऐकू येते. हे कॅसेटवर नव्हते. प्रत्यक्ष श्रवणाचा लाभ तो हाच.

त्या उतरणीत आम्हांस आठवला तो आमच्याकडचा अखंड हरिनाम सप्ताह. सीमेवरील मराठी खेड्यांतून सप्ताह बसला की सात दिवस वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही, असा दंडक असतो. एकजण वीणा गळ्यात घालून उभा राहतो. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, नमस्कार करतो, आणि वीणा त्याच्या गळ्यात जाते. पहाटे तीनच्या सुमारास, जेव्हा ऐकायला एकही माणूस जागा नसतो, तेव्हाही वीणेकरी उभाच असतो. लहानपणी रात्री जाग आली की तो स्वर अंथरुणातूनच ऐकू येई. पहारा कोणाचा, हे त्या स्वरावरून थोडेफार ओळखता येई, कारण प्रत्येकाची तार छेडण्याची लय निराळी. परंतु 'वीणा बदलली' असे कोणी म्हणत नसे. वास्कोला श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहात अहोरात्र भजन करणारी पथके ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस हे अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. गाणारे पाळीपाळीने बदलतात, म्हणूनच भजन अखंड राहते.

आमच्या शेजारचे दुसरे उदाहरण गोंडांच्या परधानांचे. परधान हे गोंड कुळांचे परंपरागत भाट. किंगरी वाजवून ते यजमान कुळाची पुराणकथा गातात. मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी १९४० नंतर मर्लावाई येथे राहून जो अभ्यास केला आणि जो १९४८ साली ग्रंथरूपाने आला, त्यात या परंपरेची नोंद आहे. कथा परधानाच्या मुखात असते, परंतु ती कुळाची असते. बापाची किंगरी मुलाकडे जाते तेव्हा कुळाला नवी कथा मिळत नाही, जुन्या कथेला नवा गळा मिळतो. त्याच मर्लावाईचे कनक राजू यांनी दिवाळीतील गुस्साडी नृत्य तरुणांस शिकविले, २०२१ साली पद्मश्री मिळविली आणि २०२४ साली ते गेले. त्यांच्या मागे मोरपिसांचा टोप डोक्यावर चढविणारे आहेत, म्हणून गुस्साडी आहे.

असे असले तरी या उपमेने आम्ही या बँडच्या उणिवा झाकू इच्छीत नाही. वीणेकऱ्याचा स्वर पहाटे ऐकू येतो, कारण त्याच्या भोवती शांतता असते. या मैदानावर ध्वनियोजकांनी बेस आणि ड्रम्स इतके चढविले होते की तबल्याचा बायाँ बराच वेळ केवळ डोळ्यांनीच ऐकावा लागला. ज्या संगीताचे बळ थाप आणि शब्द यांच्या जवळिकीत आहे, त्याला असा गोंगाट मारक ठरतो. दुसरे असे की, 'बंदे'सारखी चित्रपटातून लोकप्रिय झालेली गाणी आली की श्रोते ती स्वतःच गाऊ लागतात आणि बँड त्यांच्या मागे जातो. लोकांनी गावे हे चांगलेच. भजनाचे तर तेच मर्म. परंतु भजनात पुढचा गायक ओळ वळवितो, आणि मग मागचे वळतात. येथे ओळ वळविली जात नव्हती. सगळ्यांस ठाऊक असलेल्या वाटेनेच सगळे चालले होते, आणि मोबाइल उंचावून त्याच वाटेची चित्रे घेत होते.

कॉपीराइट कायद्याने १९९४ च्या दुरुस्तीपासून कलावंताचा आपल्या प्रयोगावरील हक्क मान्य केला आहे, आणि आज त्याची मुदत पन्नास वर्षांची आहे. असीम चक्रवर्ती यांचा मुद्रित आवाज अशा रीतीने कायद्याच्या छायेत आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु तो आवाज ज्यांच्या कानांत आहे त्यांचा हक्क कोणता, याविषयी कायदा बोलत नाही. आमच्या मते तो हक्क एवढाच, की जे उरले आहेत त्यांनी वीणा खाली ठेवू नये. गेलेल्याच्या आवाजाची त्यांनी नक्कल करावी, असे म्हणण्याचा अधिकार श्रोत्याला नाही. नव्या वीणेकऱ्याची छेड निराळी असणारच. ती छेडली जात आहे की नाही, एवढे पाहण्याचा अधिकार मात्र आहे.

त्या कसोटीवर 'इंडियन ओशन' उतरतो, असा आमचा निर्णय आहे. गोंगाट वजा करून, लोकप्रियतेच्या वाटेवरचे चालणे वजा करून, जे शिल्लक राहते ते दोन गाण्यांपुरते का होईना, खरे आहे. ज्यांच्यापाशी जुन्या कॅसेटी आहेत त्यांनी त्या जपाव्यात. आणि आपल्या जवळपासच्या एखाद्या शहरी ही मंडळी आली तर त्या कॅसेटींच्या मोहात घरी न बसता जाऊन ऐकावे. कान तुलना करील, थोडे दुखेलही. पहारा बदलताना वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते त्या क्षणी स्वर किंचित हलतो, हे प्रत्येक गावातील सप्ताह ऐकणाऱ्यास ठाऊक आहे. तो हललेला स्वर ऐकण्यासाठीच जागे राहावयाचे असते.