म्हातारी, वाघोबा आणि लेकीचें घर

बालवाङ्मयांत हल्लीं एक प्रकार फार दिसतो. ससा, माकड, अस्वल, वाघ असे चार मित्र शिदोरी बांधून निघतात, त्यांपैकीं एकाच्या बऱ्याच वर्षांत न भेटलेल्या मावशीकडे जातात, गोडधोड खातात आणि परततात. चित्रें सुरेख, भाषा गोजिरी; पण एवढ्या वाटेंत वाघास भूक म्हणून लागत नाहीं, हें आम्हांस खटकतें.

आप्ताच्या भेटीची आपली जुनी गोष्ट म्हणजे म्हातारीची व भोपळ्याची. लेकीकडे निघालेल्या म्हातारीस रानांत वाघोबा-कोल्होबा अडवितात. परततांना मी पुष्ट झालेली असेन, असें सांगून ती मुदत मागून घेते, आणि येतांना भोपळ्यांत बसून येते. मुलें हंसतात तीं भोपळ्यास. गोष्टीचा जीव मात्र, आमच्या मतें, लेकीच्या घरच्या मुक्कामांत आहे. परतीचें भय पोटांत ठेवून म्हातारी तेथें जेवते. आणि निघतांना लेक तिला भोपळा देते. माहेरपण उलटें फिरलेलें इतक्या थोडक्यांत आम्हीं अन्यत्र क्वचितच पाहिलें आहे. वाघास 'बा' लावला आहे तोही मैत्रीनें नव्हे, धाकानें.

हें सारें यवतमाळ जिल्ह्यांतील झरी जामणीच्या बाजूस अधिक पटतें. तेथील कोलाम पोडांत घरची भाषा कोलामी, द्राविड कुळांतली. शाळेचें पुस्तक मराठी. शेजारच्या केळापूर तालुक्यांत टिपेश्वरचें सुमारें १४८ चौरस किलोमीटरचें अभयारण्य, त्यांत वाघ. गुरांमागें रानांत जाणाऱ्या घरच्या मुलास 'वाघ तुझा मित्र' असें शाळेच्या भाषेंतून सांगणें म्हणजे त्याच्या वडीलमाणसांचें शहाणपण खोटें पाडणें होय.

वाघाच्या प्रवासाची खरी गोष्टही याच टिपेश्वरची आहे. २०१९ सालीं तेथून निघालेला एक तरुण नर सुमारें १,३०० किलोमीटर चालून वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. वयांत आलेला नर आईचें रान सोडतो, तो स्वतःची हद्द, भक्ष्य आणि जोडीदारीण शोधावयास. आप्तांस भेटावयास नव्हे. त्याची गोष्ट मुलांस कां आवडूं नये?

जनावरांच्या भेटीचीच गोष्ट हवी असेल, तर लेखकांनीं हत्तिणीकडे वळावें. ताटातुटीनंतर नातलग भेटले कीं त्या कान फडफडवितात, सोंडेंत सोंड गुंतवितात, मोठ्यानें चीत्कार करितात. तेथें मावशी कल्पावी लागत नाहीं. कळपांत ती असतेच.