हुनर आणि वसीला : कृष्णवर्णीय तरुणांसाठीच्या रोजगार उपक्रमांची एक चिकित्सा

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केला. तेव्हापासून अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले होते. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' स्थापन झाली, तिचे नावही तिकडूनच आले. मात्र हा परिचय प्रामुख्याने मुक्ती, विद्रोह आणि कविता यांच्या अंगाने झाला. मुक्त झालेल्या माणसाच्या मुलाला नोकरी कशी मिळाली, ती मिळावी म्हणून त्याच्या समाजाने काय केले, या साध्या प्रश्नाकडे आपल्याकडील अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. प्रस्तुत लेखात बुकर टी. वॉशिंग्टन यांचे 'अप फ्रॉम स्लेव्हरी' (१९०१), ड्यू बॉइस यांचे 'द फिलाडेल्फिया नीग्रो' (१८९९) आणि रेव्हरंड लिऑन सलिव्हन यांचे 'बिल्ड ब्रदर बिल्ड' (१९६९) या तीन ग्रंथांच्या आधारे त्या प्रश्नाचा विचार केला आहे.

विचारासाठी दोन शब्द उपयोगी पडतील. पहिला 'हुनर', म्हणजे कसब, अंगी असलेली विद्या. दुसरा 'वसीला'. उर्दूत हा शब्द आजही प्रतिष्ठित आहे. इष्ट गोष्टीपर्यंत पोहोचवणारे साधन, मध्यस्थ दुवा असा त्याचा अर्थ. हाच शब्द मराठीत 'वशिला' होऊन आला आणि बदनाम झाला. मराठी कानाला वशिला म्हणजे लायकी नसलेल्याची मागच्या दाराने झालेली सोय वाटते. परंतु लायकी असूनही ज्याच्यासाठी कोणतेच दार उघडत नाही, त्याला वसीला लागतोच. या तीन ग्रंथांतील मूळ वाद या दोन शब्दांत मांडता येतो.

विटांचा दाखला

वॉशिंग्टन यांचा जन्म १८५६ च्या सुमारास व्हर्जिनियात गुलामगिरीत झाला. १८८१ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी शाळा सुरू केली. त्यांच्या आत्मचरित्रातील विटांच्या भट्टीची हकिकत प्रसिद्ध आहे. शाळेच्या इमारतींसाठी विद्यार्थ्यांनीच विटा पाडायच्या असे ठरले. तीन भट्ट्या फसल्या. हाती पैसा उरला नाही तेव्हा वॉशिंग्टन यांनी स्वतःचे घड्याळ गहाण ठेवले आणि चौथी भट्टी साधली. पुढे ज्या गोऱ्या शेजाऱ्यांना या शाळेविषयी आस्था नव्हती तेही विटा घेण्यासाठी येऊ लागले, कारण विटा चांगल्या होत्या. यातून वॉशिंग्टन निष्कर्ष काढतात की जगाला हवी असलेली वस्तू जो उत्तम बनवतो, त्याला रंग आड येत नाही.

कथन म्हणून हा प्रसंग अत्यंत परिणामकारक आहे. तुटपुंज्या साधनांवर संस्था उभी करणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला त्यात आपली ओळख पटेल. पण निष्कर्ष तपासला पाहिजे. वीट विकत घेताना ती कोणी पाडली हे पाहावे लागत नाही. माणूस कामावर ठेवताना मात्र तोच आधी समोर दिसतो. शिवाय भट्टी शाळेच्या मालकीची होती. तेथे कोणाकडे अर्ज करायचा नव्हता. मालाच्या बाजारातला अनुभव वॉशिंग्टन श्रमाच्या बाजाराला लागू करतात, आणि त्यांच्या युक्तिवादातील कच्चा दुवा येथेच आहे. १८९५ मध्ये अटलांटा येथे केलेल्या भाषणातील दृष्टांतही याच पठडीतला आहे. तहानेने व्याकूळ झालेल्या जहाजावरील खलाशांना आहे तेथेच बादली सोडण्याचा सल्ला मिळतो आणि गोडे पाणी हाती लागते. या दृष्टांतात बादली सोडण्याची सगळी जबाबदारी तहानलेल्यावर आहे. पाण्यावर पहारा कोणाचा, हा प्रश्न त्यात उद्भवतच नाही.

वॉशिंग्टन यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. झुंडीने कृष्णवर्णीयांना ठार मारण्याचे प्रकार दक्षिणेत सर्रास घडत असतानाच्या काळात ते संस्था चालवत होते. १९०१ च्या अलाबामाच्या राज्यघटनेने बहुसंख्य कृष्णवर्णीयांचा मताधिकार व्यवहारात काढून घेतला. अशा कायद्यांविरुद्धच्या खटल्यांना वॉशिंग्टन यांनी गुप्तपणे पैसा पुरवला, हे पुढे त्यांच्या कागदपत्रांतून उघड झाले. म्हणजे केवळ हुनर पुरत नाही याची जाणीव त्यांना होती. ग्रंथात ती उघडपणे मांडणे त्यांना शक्य वाटले नाही. नंतरच्या पिढ्यांनी मात्र ग्रंथ वाचला आणि तोच संपूर्ण उपाय मानला.

फिलाडेल्फियातील अभियंता

ड्यू बॉइस यांनी १८९६-९७ मध्ये फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून कृष्णवर्णीय कुटुंबांची माहिती गोळा केली. त्यातून सिद्ध झालेल्या ग्रंथात धंदे, वेतन, घरभाडे यांचे तक्ते आहेत. तक्त्यांच्या मधून काही माणसेही डोकावतात. त्यांपैकी एक जण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचा यांत्रिक अभियांत्रिकीचा पदवीधर होता. उत्तम शिफारशींच्या बळावर त्याला जाहिरातीतून काम मिळाले. काही तास काम केल्यावर तो कृष्णवर्णीय असल्याचे लक्षात आले आणि त्याला काढून टाकण्यात आले. ग्रंथ लिहिला जात असताना तो एका क्लबात वाढपी होता.

ही हकिकत ड्यू बॉइस कोणतेही भाष्य न करता मोजक्या वाक्यांत सांगतात. विटांच्या प्रसंगाला याहून नेमके उत्तर सापडणे कठीण. हुनर होते, पदवी होती, शिफारस होती. तरीही दार काही तासच उघडे राहिले. १९०३ च्या 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' मध्ये त्यांनी वॉशिंग्टन यांच्यावर जी प्रसिद्ध टीका केली, तिची पायाभरणी या कोरड्या नोंदींत झालेली दिसते. तथापि ड्यू बॉइस यांचीही मर्यादा आहे. त्या काळातील त्यांची भिस्त उच्चशिक्षित अशा मूठभरांच्या नेतृत्वावर होती. सातव्या वॉर्डातील सामान्य मुलाने उद्या सकाळी कोठे जावे, याचे उत्तर त्यांच्या लेखनात मोघम राहते. निदान अचूक आणि उपचार अस्पष्ट, असे त्याचे स्वरूप आहे.

आधी दार, मग वर्ग

साठ वर्षांनंतर त्याच शहरात उपचाराचा एक प्रयोग झाला. लिऑन सलिव्हन यांचा जन्म १९२२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्सटन येथे गरीब घरात झाला. १९५० पासून ते उत्तर फिलाडेल्फियातील झायन बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक होते. बेकार तरुणांना नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्यांनी चर्चमार्फत खटपट केली, परंतु अनेक कंपन्या कृष्णवर्णीयांना हलक्या कामांखेरीज घेतच नव्हत्या. तेव्हा १९६० मध्ये शहरातील सुमारे चारशे कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी मिळून 'निवडक खरेदी'ची मोहीम सुरू केली. पहिली कंपनी केक बनवणारी टेस्टी बेकिंग होती. वितरण गाड्यांवरील चालक-विक्रेते आणि कार्यालयातील कारकून या जागांवर कृष्णवर्णीय नेमावेत, अशा मागण्या होत्या. त्या मान्य होईपर्यंत रविवारी चर्चमधून एकच निरोप जाई : या कंपनीचा माल घेऊ नका. उन्हाळा संपण्यापूर्वी कंपनी नमली. एकामागून एक इतर कंपन्यांशी बोलणी झाली. १९६२ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी सलिव्हन यांना अटलांटाला बोलावून ही पद्धत समजून घेतली. 'ऑपरेशन ब्रेडबास्केट' हा उपक्रम तिच्यातून निघाला.

येथे सलिव्हन यांना दुसरी अडचण दिसली. दारे उघडली, पण त्या जागांसाठी तयार झालेले तरुण पुरेसे नव्हते. म्हणून जानेवारी १९६४ मध्ये एका पडीक पोलीस तुरुंगाच्या इमारतीत त्यांनी 'ऑपॉर्च्युनिटीज इंडस्ट्रियलायझेशन सेंटर' सुरू केले. नकाशे काढणे, यंत्रकाम, इलेक्ट्रॉनिक्स असे अभ्यासक्रम तेथे होते. त्यांच्या आधी एक पूर्वतयारीचा वर्ग असे. त्यात वाचन, अंकगणित, मुलाखतीची तयारी आणि कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला जाई. लवकरच फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य आणि केंद्र शासनाचा निधी मिळाला, इतर शहरांत केंद्रे निघाली, पुढे आफ्रिकेतही ती पोहोचली.

'बिल्ड ब्रदर बिल्ड' हे पुस्तक या यशाच्या भरात लिहिलेले आहे. त्याचा सूर प्रवचनाचा आहे. शीर्षकच आज्ञार्थी आहे. वाङ्मयीन गुणांत ते ड्यू बॉइस यांच्या जवळपास येत नाही, आणि वॉशिंग्टन यांच्यासारखे कसलेले कथनही त्यात नाही. त्याचे मोल घटनाक्रमात आहे. वॉशिंग्टन यांच्या मांडणीत आधी हुनर येते आणि दार आपोआप उघडते. सलिव्हन यांनी आधी समाजाच्या खरेदीशक्तीचा वसीला वापरून दार उघडवले, आणि मग हुनराचा वर्ग भरवला. वर्गात बसणाऱ्याला आपण कोणत्या जागेसाठी शिकत आहोत हे ठाऊक होते.

उरलेला अर्धा भाग

या क्रमाचे पुढे काय झाले, हे पाहणे आवश्यक आहे. शासन आणि उद्योग यांच्या पैशावर केंद्रे वाढली तशी बहिष्काराची धार बोथट झाली. ज्याच्या देणगीवर वर्ग चालतो त्याच्या दारासमोर निदर्शने करणे अवघड असते. १९७१ मध्ये सलिव्हन जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावर गेले. त्या पदाचा त्यांनी चांगला उपयोग केला. दक्षिण आफ्रिकेतील अमेरिकन कंपन्यांसाठी त्यांनी १९७७ मध्ये घालून दिलेली तत्त्वे त्याची साक्ष देतात. पण पद्धत बदलली होती. दुसरीकडे खुद्द फिलाडेल्फियातून कारखाने बाहेर जात होते. इतिहासकार गियन मॅकी यांनी 'द प्रॉब्लेम ऑफ जॉब्स' (२००८) या ग्रंथात या उपक्रमाचे मूल्यमापन शहराच्या औद्योगिक ऱ्हासाच्या संदर्भात केले आहे. ज्या यंत्रावर तरुण शिकला ते यंत्रच गाव सोडून गेले, तर प्रमाणपत्राचे काय करायचे? १९६९ च्या पुस्तकाला हे सारे दिसणे शक्य नव्हते. परंतु सलिव्हन यांचे अनुकरण करणाऱ्या अनेक उपक्रमांनी वर्ग तेवढा उचलला आणि दार उघडवण्याचा भाग सोडून दिला, ही टीका टाळता येत नाही.

दाराचा प्रश्न सुटलेला नव्हता हे पुढील संशोधनातून दिसते. बर्ट्रांड आणि मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन व शिकागो येथील जाहिरातींना सुमारे पाच हजार काल्पनिक अर्ज पाठवले. त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोऱ्या वाटणाऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, तर कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला पंधरा अर्जांमागे एक. शिक्षकाने विशेष लक्ष द्यावे असा निष्कर्ष पुढेच आहे. अर्जातील पात्रता वाढवली तेव्हा गोऱ्या नावांना चांगला लाभ झाला, कृष्णवर्णीय नावांना त्या मानाने फारच थोडा. म्हणजे जेथे वसीला नाही तेथे हुनराचे मोलही कमी होते.

याउलट जो उपक्रम दोन्ही बाजू सांभाळतो त्याचे फळ दिसते. २००० साली बोस्टन येथे सुरू झालेल्या 'इयर अप' या संस्थेत अल्प उत्पन्न गटातील तरुणांना सहा महिने प्रशिक्षण आणि सहा महिने कंपनीत प्रत्यक्ष उमेदवारी मिळते. त्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण मोठे आहे. उमेदवारीसाठी कंपनी संस्थेला पैसे मोजते, त्यामुळे तिचेही हित त्यात गुंतते. प्रवेश सोडतीने देऊन केलेल्या अभ्यासाचा अहवाल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कार्यक्रम संपल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात सहभागी तरुणांची कमाई इतरांपेक्षा निम्म्याहून अधिक प्रमाणात वाढलेली आढळली. येथे वसीला अभ्यासक्रमाचाच भाग आहे.

हा विषय अमेरिकेपुरता ठेवता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी भारतातील खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींवर अशाच पद्धतीचा अभ्यास केला. तो २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाला. समान पात्रता असताना, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत होकारार्थी प्रतिसादाचे संख्याशास्त्रीय गुणोत्तर दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश आढळले. अमेरिकन अभ्यासाच्या शीर्षकात कृष्णवर्णीयांचे म्हणून जे पुरुषनाम आले आहे ते 'जमाल' आहे. हे नाव आपल्याही हजेरीपटावर असते.

महाविद्यालयांतून व्यक्तिमत्त्व विकास, संभाषणकौशल्य, संगणक यांचे वर्ग भरतात. ते आवश्यक आहेत. विटांच्या भट्टीइतकेच प्रामाणिक कष्ट त्यामागे असतात. परंतु वरील तीन ग्रंथ वाचल्यावर अशा प्रत्येक उपक्रमाला तीन प्रश्न विचारावे लागतात. वर्ग सुरू होण्यापूर्वी एखाद्या मालकाशी बोलणे झाले आहे काय? वर्षभरानंतर तो विद्यार्थी कोठे आहे, याची नोंद ठेवली जाते काय? आणि ज्यांच्या दुकानांत, दवाखान्यांत, बँकांत समाजाचा पैसा रोज जातो, त्यांच्याकडे समाजाने आपल्या मुलांसाठी कधी जागा मागितली आहे काय? या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी असतील, तर फिलाडेल्फियातील त्या अभियंत्यासारखे पदवीधर घडत राहतील आणि दोष त्यांच्या हुनराला दिला जाईल. 'वशिला' या शब्दाला 'वसीला'ची जुनी प्रतिष्ठा मिळवून देण्याचे काम भाषेच्या शिक्षकाचे आहे, आणि संस्थेचेही.