वेतनमर्यादा, राज्यकर आणि ‘समान’ या शब्दाचा अर्थ

वादातील ज्या शब्दावर दोन्ही पक्षांचे एकमत असते, तोच शब्द बहुधा सर्वांत कमी तपासला गेलेला असतो. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग ही बर्फावरील हॉकीची व्यावसायिक संघटना होय. तिच्यातील करविषयक वाद हे या विधानाचे बोलके उदाहरण आहे. आक्षेपकांचे म्हणणे असे की, खेळाडूंच्या वेतनासाठी सर्व संघांना एकच कमाल रक्कम ठरवून दिलेली असली, तरी ज्या राज्यांत वेतनावर राज्याचा आयकर नाही तेथील संघांना कमी रकमेत तोच खेळाडू मिळतो. सबब मर्यादा समान नाही. संघटनेच्या समर्थकांचे म्हणणे असे की, आकडा सर्वांना एकच आहे. सबब मर्यादा समान आहे. दोहोंच्या मुखी शब्द एक आहे. अर्थ मात्र दोन आहेत.

भारतीय वाचकास या वादाची तीव्रता सहजी जाणवणार नाही. आपल्याकडे वेतनावरील आयकर केंद्र सरकार आकारते. राज्यांना व्यवसाय कर लावता येतो. परंतु घटनेच्या 276 व्या अनुच्छेदाने त्यास वर्षाकाठी 2,500 रुपयांची सीमा घातलेली आहे. साहजिकच पुण्याची नोकरी सोडून बंगळूरची पत्करताना कोणी राज्यकराचा हिशेब मांडत नाही. अमेरिकेत केंद्राचा कमाल दर 37 टक्के आहे व त्याखेरीज राज्याचा कर निराळा. कॅलिफोर्नियात त्याचा कमाल दर 13.3 टक्के, पेनसिल्व्हेनियात सरसकट 3.07 टक्के, तर फ्लोरिडा, टेक्सास, टेनेसी व नेवाडा येथे वेतनावर असा करच नाही. सीमेपलीकडे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात केंद्र व प्रांत मिळून कमाल दर 53.53 टक्क्यांपर्यंत जातो.

वेतनमर्यादेचा उगमही ध्यानी घेतला पाहिजे. मालक व खेळाडू यांच्यातील संघर्षात 2004-05 चा संपूर्ण हंगाम वाया गेल्यानंतर ही मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 90 लाख डॉलर होती. 2025-26 च्या हंगामासाठी ती 9 कोटी 55 लाख झाली. खेळाडूच्या कराराची एकूण रक्कम भागिले कराराची वर्षे, असा जो सरासरी आकडा येतो, तो मर्यादेत धरला जातो. हा आकडा करापूर्वीचा असतो. 2013 मध्ये झालेल्या समझोत्यापासून खेळातील उत्पन्नाचा निम्मा वाटा खेळाडूंचा, हे तत्त्वही स्थिर झाले आहे. तात्पर्य, मर्यादेची भाषा मालकाच्या खर्चाची भाषा आहे. खेळाडूच्या हाती पडणाऱ्या रकमेविषयी ती मौन पाळते.

या मौनावर बोट ठेवणे हे आक्षेपकांचे खरे श्रेय होय. वर्षाला 1 कोटी डॉलर मिळविणाऱ्या व कॅलिफोर्नियात राहणाऱ्या खेळाडूस राज्यकरापोटी सुमारे 13 लाख डॉलर द्यावे लागतात. फ्लोरिडातील संघाने त्याच्याशी वाटाघाट करताना हा फरक मनात धरला, तर जी बचत होईल तिच्यातून आणखी एक उपयुक्त खेळाडू घेता येईल. 2018 च्या उन्हाळ्यात जॉन टव्हारेस याने टोरांटोशी सात वर्षांचा, वार्षिक सरासरी 1 कोटी 10 लाखांचा करार केला; त्याच महिन्यात निकिता कुचेरॉव्ह याने टँपा बे संघाशी 95 लाखांच्या सरासरीने आठ वर्षांचा करार केला. या दोन आकड्यांमधील अंतर आक्षेपकांच्या बाजूचे वाटते. परंतु टव्हारेस मुक्त झाला होता, त्याच्यासाठी अनेक संघ बोली लावू शकत होते. कुचेरॉव्ह आपल्याच संघाशी मुदतवाढीचे बोलत होता. अंतराचा किती भाग कराचा व किती भाग या भिन्न परिस्थितीचा, हे नुसत्या वजाबाकीने निघत नाही.

आक्षेपकांच्या परिभाषेतील दुसरा शिथिल शब्द म्हणजे ‘करमुक्त राज्य’. या सामासिक शब्दातून असे सूचित होते की, त्या राज्यातील खेळाडूच कराच्या कचाट्यातून सुटला. वस्तुतः अमेरिकेतील बहुतेक राज्ये पाहुण्या खेळाडूवर त्यांच्या भूमीत घालविलेल्या कामाच्या दिवसांच्या प्रमाणात कर बसवितात. फ्लोरिडाचा खेळाडू लॉस एंजेलिसला खेळावयास गेला की त्या दिवसांपुरता कॅलिफोर्नियाचा करदाता होतो. टेनेसीची कथा तर अधिक उद्बोधक आहे. वेतनावर आयकर नसलेल्या या राज्याने 2009 मध्ये व्यावसायिक खेळाडूंवर दर सामन्यास 2,500 डॉलर, वर्षाला कमाल तीन सामने, असा विशेष कर लावला. हॉकीपटूंपुरता तो 2014 मध्ये रद्द झाला. त्या पाच वर्षांत नॅशव्हिलच्या हॉकीपटूस ‘करमुक्त’ म्हणणे शब्दशः चूक ठरले असते. तेव्हा लाभ आहे, पण शब्द सुचवितो तेवढा नाही.

आता निकालांची साक्ष पाहू. मर्यादा आल्यानंतर 2006 ते 2019 या चौदा वर्षांत स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्यांत वेतनावर कर नसलेल्या राज्याचा एकही संघ नव्हता. अशा संघांनी अंतिम फेरी केवळ तीनदा गाठली. उलट 2012 व 2014 चा चषक लॉस एंजेलिसने, म्हणजे जबर करांच्या राज्याने पटकाविला. त्यानंतर 2020 ते 2025 या सहा वर्षांत मात्र टँपा बेने दोनदा, व्हेगासने एकदा व फ्लोरिडा पँथर्सने दोनदा, असे पाच चषक या राज्यांत गेले. आक्षेपक सहा वर्षांचे बोलतात, समर्थक चौदा वर्षांचे. फ्लोरिडाच्या घटनेने आयकरास 1924 पासूनच मज्जाव केलेला आहे. तरीही पँथर्स संघाला 2000 नंतर थेट 2012 पर्यंत बाद फेरीचे दर्शन घडले नव्हते. जे कारण सदैव उपस्थित होते, ते एकटेच एका विशिष्ट काळातील कार्याचे कारण होऊ शकत नाही.

तथापि समर्थकांचा विजयही येथे पुरा होत नाही. कारण मधल्या काळात परिस्थिती बदलली. 2017 च्या करसुधारणेपूर्वी राज्याला दिलेला कर केंद्राच्या हिशेबात वजावट म्हणून दाखविता येई, व त्यामुळे जड करांच्या राज्यातील भार काहीसा हलका होई. 2018 पासून या वजावटीस 10,000 डॉलरची सीमा पडली. लक्षावधी डॉलर मिळविणाऱ्यास ही वजावट नसल्यातच जमा आहे. त्यापाठोपाठ महामारीमुळे वेतनमर्यादा 2019-20 पासून तीन हंगाम 8 कोटी 15 लाखांवरच गोठली. मर्यादा वाढत असते तेव्हा एका करारातील बचत झाकली जाते. ती गोठते तेव्हा प्रत्येक लाखाचे मोल चढते. जुनेच कारण नव्या परिस्थितीत अधिक प्रभावी झाले, असे मानण्यास जागा आहे. शिवाय हेही विसरता कामा नये की, 2021 मध्ये टँपा बेचा कुचेरॉव्ह नियमित हंगामभर जायबंदी राहून बाद फेरीत परतला व त्या फेरीस तेव्हा मर्यादा लागू नव्हती. त्या यशाचे श्रेय करास द्यावयाचे की नियमातील या छिद्रास, याचे उत्तर ‘करमुक्त’ हा शब्द देत नाही.

शब्दार्थाचे महत्त्व किती प्रत्यक्ष असू शकते, हे टव्हारेसच्या करारात दिसून येते. त्याच्या 7 कोटी 70 लाखांपैकी 7 कोटी 8 लाख 90 हजार डॉलर हे वेतन म्हणून नव्हे, तर सहीचा बोनस म्हणून ठरले होते. अमेरिका व कॅनडा यांच्यातील करतहानुसार, करारावर सही करण्यास प्रवृत्त करण्यासाठी परदेशस्थ खेळाडूस दिलेल्या रकमेवरील कर 15 टक्क्यांपलीकडे जात नाही. कॅनडाच्या महसूल खात्याने 2018 मध्ये दिलेली 1 कोटी 52 लाख 50 हजारांची रक्कम मूलतः वेतनच असल्याचे ठरविले, आणि टव्हारेसने 2024 मध्ये करन्यायालयात दाद मागितली. लक्षावधी डॉलरांचा हा तंटा एका नामाच्या अर्थावर उभा आहे. त्यातून असेही दिसते की, जड करांच्या प्रदेशातील संघही निरुपाय नसतात. कराराचे रूप बदलून ते आपली बाजू सावरू पाहतात.

राहिला उपायाचा प्रश्न. जड करांच्या राज्यांतील संघांना त्या प्रमाणात अधिक मर्यादा द्यावी, अशी सूचना केली जाते. ती वरकरणी न्याय्य दिसते. परंतु खेळाडूंचा एकूण वाटा उत्पन्नाच्या निम्म्यावर बांधलेला असल्याने एका संघाच्या खेळाडूंना दिलेली वाढ अखेर इतर खेळाडूंच्या हिश्श्यातून निघणार. ती वाढ मिळविणाऱ्याच्या हातीही राहणार नाही. करदात्याकडून ती राज्याच्या तिजोरीत जाईल. म्हणजे डॅलसच्या खेळाडूने सॅक्रामेंटोच्या कोषागारास हातभार लावावा, असा या समतेचा व्यवहारातील अर्थ होतो. शिवाय कर भरपाईस पात्र ठरला, तर घरभाडे, हवामान, जाहिरातींचे उत्पन्न ही निमित्ते अपात्र का, याचे तर्कशुद्ध उत्तर आक्षेपकांपाशी नाही.

सारांश, वेतनमर्यादा मालकांच्या खर्चात समता आणते. खेळाडूंच्या प्राप्तीत ती समता आणीत नाही व तसे वचनही तिने दिलेले नाही. आक्षेपकांनी दाखविलेली विषमता खरी आहे, पण ती लीगच्या नियमातून नव्हे, तर संघराज्याच्या घडणीतून उपजली आहे. समर्थक तिचे अस्तित्व नाकारतात, हा त्यांचा दोष. आक्षेपक तिला सर्व यशापयशाचे मूळ मानतात, हा त्यांचा. ‘समान’ या विशेषणाला विशेष्य कोणते, खर्च की प्राप्ती, एवढे ठरविले तर वाद मिटणार नाही. परंतु तो कशाविषयी आहे, हे तरी निश्चित होईल.