माधुरी पुरंदरे ह्यांचे बालवाङ्मय : चित्र आणि शब्द

मराठी बालवाङ्मयाची परंपरा काही कालपरवाची नाही. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांचा ‘बाळमित्र’ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला, वा. गो. आपटे ह्यांचे ‘आनंद’ मासिक १९०६ सालचे. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३५ सालची. ह्या दीर्घ काळात मुलांसाठी विपुल लिहिले गेले, आणि त्यातील काही लेखन आजही टिकून आहे. परंतु ह्या वाङ्मयात चित्राला जे स्थान मिळाले ते बहुधा सजावटीचे. लेखकाने मजकूर सिद्ध करावा, प्रकाशकाने तो चित्रकाराकडे धाडावा आणि पान उघडे दिसू नये इतक्या बेताने चित्रे छापावीत, असाच शिरस्ता होता. युरोपात कोमेनियसने १६५८ सालीच चित्रांच्या आधारे भाषा शिकविणारे पुस्तक मुलांच्या हाती दिले होते. आपल्याकडे मात्र ज्यात चित्र आणि शब्द ह्यांचा अधिकार समान आहे, असे पुस्तक दुर्मीळच राहिले. माधुरी पुरंदरे ह्यांच्या कार्याचे मोल ठरवावयाचे तर ते ह्या पार्श्वभूमीवर ठरविले पाहिजे.

पुरंदरे ह्यांचा जन्म १९५२ सालचा. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले व पुढे फ्रान्समध्ये त्या कलेचा अधिक अभ्यास केला. फ्रेंच भाषेचे अध्यापन, गायन, पिकासोचे मराठी चरित्र, ‘हॅनाची सूटकेस’सारखे भाषांतर असा त्यांचा व्यासंग विविध आहे. त्यांच्या मातोश्री निर्मला पुरंदरे ह्यांनी खेड्यांतील बालवाड्यांसाठी शिक्षिका तयार करणारी ‘वनस्थळी’ ही संस्था उभारली. त्या कामाशीही त्यांचा निकटचा संबंध आला. चित्रकार, भाषांतरकार आणि शिक्षिका ह्या तिन्ही भूमिका त्यांच्या बालवाङ्मयात एकत्र येतात, म्हणूनच हा तपशील येथे नमूद करावयाचा.

‘राधाचं घर’ ह्या संचात घरातील माणसे राधेच्या नजरेने पाहिलेली आहेत. येथे कथानक जवळजवळ नाहीच. कोणी राजपुत्र नाही, बोलणारा ससा नाही, शेवटी तात्पर्यही नाही. रोज दिसणारी माणसे एका मुलीला कशी दिसतात, एवढाच विषय. परंतु चित्रे पाहू लागले की वाक्यात न आलेले पुष्कळ काही हाती लागते : घरातील पसारा, माणसांच्या बसण्याउठण्याच्या लकबी, चेहऱ्यावरचा कंटाळा किंवा कौतुक. वाक्य सांगून थांबते तेथे चित्र पुढे बोलू लागते. ज्याला अद्याप अक्षर लागत नाही असे मूलही वाचकच असते, कारण ते चित्र वाचीत असते, ही जाणीव ह्या पुस्तकांच्या मुळाशी आहे. यश नावाच्या मुलाच्या गोष्टींतही हीच दृष्टी दिसते. मुलाचे दुःख मोठ्यांना क्षुल्लक वाटत असले, तरी लेखिका त्याला क्षुल्लक मानीत नाही.

भाषांतराच्या परिभाषेत बोलावयाचे तर सामान्य बालपुस्तकातील चित्र हे मजकुराचे शब्दशः भाषांतर असते. मजकुरात ‘झाडावर पोपट बसला’ असे असेल तर चित्रात झाड आणि पोपट. पुरंदरे ह्यांचे चित्र मूळ संहितेचाच एक भाग असते. ‘बाबांच्या मिशा’ हे पुस्तक घ्यावे. अनूला आपले बाबा आवडतात, आणि सर्वांत अधिक आवडतात त्यांच्या मिशा. ह्या एवढ्याशा बीजातून विनोद फुलतो तो मुख्यतः रेषेच्या बळावर. हे पुस्तक हिंदी, इंग्रजी व अन्य भाषांत सहज गेले ह्याचे कारणही तेच असावे. शब्द बदलले, तरी पुस्तकाचा अर्धा भाग जसाच्या तसा सीमा ओलांडतो.

येथेच एक अवघड प्रश्न उभा राहतो, आणि तो महाराष्ट्राबाहेरील मराठी वाचकाला विशेष जाणवतो. दुर्ग जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली, आणि देशभरातून आलेल्या कुटुंबांबरोबर मराठी कुटुंबेही त्या परिसरात स्थिरावली. आज भिलाईतील कुरुदसारख्या वस्तीत वाढणारे मराठी मूल घरी आजीशी मराठी बोलेल. पण शाळेत ते हिंदी किंवा इंग्रजी शिकते. लिपी देवनागरीच असल्याने मराठी अक्षरे त्याला अडवीत नाहीत. अडवितात ती वळणे, म्हणी, क्रियापदांची रूपे. अशा मुलाने अनूची गोष्ट हिंदीत वाचली तर त्याचे काय हरवले? चित्रे तीच, विनोद तोच. मग मराठी पुस्तकाचा आग्रह कशासाठी?

ह्या प्रश्नाचे उत्तर पुरंदरे ह्यांच्या कार्याच्या दुसऱ्या अंगात सापडते. नंदिता वागळे ह्यांच्या साहाय्याने त्यांनी संपादिलेल्या ‘वाचू आनंदे’ ह्या बालगट आणि कुमारगटासाठीच्या संग्रहांत मराठी गद्यपद्यातील वेचे नामवंत चित्रकारांच्या चित्रांसह एकत्र येतात. पाठ्यपुस्तकाची कळा त्यांना नाही. वेच्याखाली दटावणारे प्रश्न नाहीत, भाषेशी खेळण्याची निमंत्रणे आहेत. ‘लिहावे नेटके’मध्ये व्याकरण व लेखन हा विषयही असाच हाताळलेला आहे. चित्रपुस्तक मुलाला वाचनापर्यंत आणते, आणि हे ग्रंथ त्याला मराठीपर्यंत नेतात. दुसऱ्या भाषेत न्यावयास कठीण अशी संपत्ती त्यांत आहे. साहित्य अकादमीने २०१४ साली बालसाहित्य पुरस्कार देऊन पुरंदरे ह्यांच्या समग्र कार्याचा गौरव केला, तो ह्या दोन्ही अंगांचा आहे असे समजणे युक्त होईल.

तथापि ह्या वाङ्मयाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. राधेचे घर हे सुस्थित, नागर आणि समजूतदार घर आहे. त्यातील वडीलधाऱ्यांना मुलाचे ऐकून घेण्यास सवड असते. ज्या घरात बाप पाळीवरून थकून येतो, किंवा पुस्तक ही वस्तूच नाही, तेथील मुलाला ह्या चित्रांत आपले घर ओळखू येईलच असे नाही. दुसरे असे की, संग्रह उत्तम असला तरी तो हाती देणारे मोठे माणूस लागते. आपल्या भाषेविषयी उदासीन झालेल्या पालकांच्या घरी ‘वाचू आनंदे’ कपाटातच राहील. हा दोष लेखिकेचा नव्हे. परंतु वाचनाच्या प्रचाराचे कार्य केवळ पुस्तकांच्या बळावर तडीस जाणार नाही, एवढे त्यातून दिसते.

तरीही मराठीत ह्यापुढे मुलांसाठी चित्रपुस्तक करू इच्छिणाऱ्याला ही पुस्तके वगळून पुढे जाता येणार नाही. मुलाला उपदेश पाजण्याऐवजी त्याच्या नजरेवर विश्वास टाकावा, आणि त्याचबरोबर त्याला भाषेचा कस लावणारा मजकूरही निःशंकपणे द्यावा, ह्या दोन गोष्टी परस्परविरोधी नाहीत, हे पुरंदरे ह्यांनी आपल्या कृतींनी दाखवून दिले आहे. समीक्षेने आजवर ह्या वाङ्मयाकडे ‘मुलांसाठी केलेले’ म्हणून सौम्य कौतुकाने पाहिले. त्याची रेषा आणि त्याचे वाक्य ही दोन्ही बारकाईने तपासली जावीत, इतके ते निश्चितच भक्कम आहे.