‘वाचलेली’ म्हणजे कोण?

कर्करोगाच्या वैद्यकीय वाङ्मयात ‘सर्व्हायव्हर’ हा शब्द मोठ्या दिमाखाने मिरवतो. पाच वर्षांनी किती रुग्ण जिवंत आहेत, यावर उपचारांचे यश मोजले जाते. जिवंत राहिलेली बाई रात्री कितीदा उठते, हे त्या आकड्यात मावत नाही.

अमेरिकेतील लॅटिना स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आढळतो. वेळेवर तपासणी व विमा न मिळणे, हे त्याचे मोठे कारण. पुढे शस्त्रक्रियेत मूत्राशयाच्या मज्जातंतूंना इजा होऊ शकते. किरणोपचाराने योनिमार्ग आखडतो, कोरडा पडतो. ओटीपोटाच्या तळाशी सर्व अवयव तोलून धरणारी स्नायूंची झोळी असते. ती दुबळी झाली की ओझे उचलताना लघवी गळते. ताठरली की संभोग नकोसा होतो. शेतावर किंवा हॉटेलच्या खोल्या झाडण्यात दिवस घालवणारीला ही किरकोळ तक्रार नव्हे. तज्ज्ञ फिजिओथेरपीने पुष्कळजणींना आराम पडतो. पण ते तिला सांगणार कोण?

अभ्यासक म्हणतात, या बायका लाजतात. त्यांची संस्कृतीच तशी. हे ‘संस्कृती’ प्रकरण जुने आहे. बाळंतकळा सोसत असताना इंग्रजी कागदांवर सह्या घेऊन आपल्या गर्भनलिका बांधल्या, असा दावा लॉस एंजेलिसमध्ये १९७५ साली दहा मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांनी लावला. १९७८ साली न्यायाधीशाने डॉक्टरांना निर्दोष ठरवले. चूक संवादातील बिघाडाची, आणि स्त्रियांना झालेल्या दुःखाचे मूळ त्यांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीत! ज्याने कापले तो सुटला, जिला कापले तिची संस्कृती दोषी.

लाजेचा हा सिद्धांत मांडणाऱ्यांनी ग्लोरिया अँझाल्दुआचा ‘ला प्रिएता’ (१९८१) वाचावा. तो लेख कर्करोगाचा नव्हे. पण दक्षिण टेक्सासमधील शेतमजुरी केलेल्या घरातली ही मुलगी आपली अकाली आलेली पाळी, काढून टाकलेले गर्भाशय, सारे नाव घेऊन लिहिते. ते लिहायला तिने कोणत्याही डॉक्टरची परवानगी मागितली नाही.

स्पॅनिशमध्ये बायका ‘आया आबाखो’, म्हणजे ‘तिकडे खाली’, म्हणतात. आपल्याकडच्या बाया ‘अंग बाहेर येतंय’ म्हणतात. ऐकणाऱ्याला ते कळले तर तपासणी तिथूनच सुरू होते. दुभाषा पुरवण्याचा नियम तिकडे आहे; तरी पोटच्या पोरीलाच पुढे करणे थांबलेले नाही. तिच्या तोंडून आईने संभोगातली वेदना डॉक्टरला कळवायची काय?